होइस्टचा ब्रेक धरला, अण्णा मात्र गेले

काल दुपारी हुबळीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये सदानंद अण्णांना निरोप दिला. शाल, हार, सगळ्यांना चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि चहा... अर्ध्या तासात आटोपलं. अण्णांची बेळगावच्या गोडाऊनवर बदली झालीय.

अण्णा आमचे प्रोडक्शन सुपरवायझर, मी मेंटेनन्सला. मी इथे लागले तेव्हा 'ही बाई मशिनरीत काय हात घालणार' असं बरेच जण म्हणायचे. अण्णांनी मात्र पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मशीन बिघडलं की आधी स्मिताला बोलवायचं." त्यानंतर मला कुणी काही बोललं नाही...

झालं असं, की जड कास्टिंग उचलणारा आमचा होइस्ट मध्यंतरी त्रास द्यायला लागला. ऑपरेटरने बटण सोडलं तरी लोड जागेवर थांबेना. वीतभर खाली सरकायचा, मग थांबायचा.

होइस्टचा ब्रेक गाडीच्या ब्रेकच्या उलट असतो. गाडीत आपण पाय दाबला की ब्रेक लागतो, होइस्टमध्ये तो कायम लागलेलाच असतो. बटण दाबून करंट मिळाला तरच सुटतो आणि करंट बंद झाला की आतल्या स्प्रिंगा त्याला परत आवळतात. म्हणजे लाईट गेली, वायर तुटली, काहीही झालं तरी लोड वरच राहायला हवा... पण ब्रेकची डिस्कच झिजली असेल तर स्प्रिंग तरी काय आवळणार?

उघडून बघितलं तर डिस्क पार झिजलेली. मी होइस्ट बंद केला, मेन स्विचला कुलूप लावलं. नेमकी त्याच आठवड्यात मोठी ऑर्डर जायची होती. अण्णा धावतच आले.

"स्मिता, एवढी ऑर्डर जाऊ दे गं. मग काय ते बदल."

"अण्णा, खाली माणसं असतात."

"मी स्वतः उभा राहतो ना तिथे! कुणाला जवळ येऊ देत नाही."

"मग तुम्ही कोण? तुम्हीपण माणूसच ना?"

ते तसेच माघारी फिरले.

डिस्क पुण्याहून यायला वेळ लागला. ऑर्डर उशिरा गेली, पार्टीने फोनवर आरडाओरड केली आणि मालकांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. मी मागोमाग आत गेले. म्हटलं, होइस्ट मी बंद केलाय, अण्णांचा यात काही दोष नाही.

मालक म्हणाले, "तुमचं बरोबरच आहे मॅडम. पण डिलिव्हरी बघायचं काम त्यांचं होतं. आता ते बेळगावचं गोडाऊन बघतील." अण्णा खाली बघत उभे होते. इतक्या वर्षांच्या माणसाची बाजू मी मांडावी, तीही त्यांच्यासमोर... ते त्यांना बदलीपेक्षा जास्त लागलं असावं.

त्या दिवसापासून अण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागले. तेही 'मॅडम' म्हणून. धारवाडला सप्तापूरमध्ये आमची घरं एकाच गल्लीत आहेत. त्यांच्या बायकोचं, शांताक्कांचं, माझ्याकडे येणंजाणं चालूच होतं. अण्णा मात्र समोरून दिसले की फोन कानाला लावायचे.

नवा ब्रेक बसवला, लोड टाकून टेस्ट केली, काम सुरू झालं. आणि गेल्या आठवड्यात ते घडलं...

एक मोठं कास्टिंग खाली उतरवत होते. खाली ठेवलेला लाकडी ठोकळा तिरका झालेला, म्हणून अण्णा वाकले आणि त्यांनी लोडखाली हात घातला. लोडखाली जायचं नाही हे तेच सगळ्यांना ओरडून सांगायचे. पण घाईत त्यांचंही भान सुटलं. आणि तेवढ्यात लाईट गेली.

वरून 'खट्' असा आवाज आला. मी पलीकडे कंप्रेसरपाशी होते, आवाज ऐकून तिकडे धावले... कास्टिंग होतं तिथेच थांबलेलं. अण्णांच्या हातापासून फार लांब नव्हतं ते.

अण्णांनी हळूच हात बाहेर काढला आणि बाजूच्या स्टूलवर बसले. मी पाणी नेऊन दिलं. ते पाणी प्यायले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी हे कळल्यावर मालक स्वतः खाली आले. "सदानंद, बदलीचं राहू दे, इथेच थांबा," म्हणाले. मला इतकं बरं वाटलं... वाटलं, चला, आता सगळं पहिल्यासारखं होणार.

अण्णा म्हणाले, "नको साहेब. घरी सांगून झालंय, मनाची तयारी झालीय. जातो मी." आवाजात राग नव्हता. त्यामुळेच मला कळलं की आता हे काही बदलायचं नाही.

काल निरोप झाल्यावर मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. हार हातात गुंडाळून घेतलेला. गेटपाशी थांबले आणि म्हणाले, "स्मिता, माझा राग तुझ्यावर नव्हता गं. मालकांना काही बोलता येईना, म्हणून तुझ्यावर निघाला."

"मग थांबा ना अण्णा."

"आता उशीर झाला... एन माडोदु?" काय करणार, असं म्हणून हसले आणि गेले.

आज पुन्हा तसा होइस्ट दिसला तर मी आजही कुलूपच लावीन. त्याबद्दल मनात शंका नाही. अण्णा दोन्ही हातांनी धडधाकट बेळगावला रुजू होतील, याहून जास्त काही मागू नये हेही कळतं... पण सकाळी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं आणि सवयीने "अण्णा, आज काय काय आहे?" असं मोठ्याने विचारून बसले. सगळे माझ्याकडे बघत राहिले.