समासातले प्रश्न

मास्तरांचा कागदोपत्री हुद्दा ‘समंत्रक’ असा होता. तो ऐकून शेजारीपाजारी त्यांना कुठले तरी मोठे सल्लागार समजत आणि गळक्या छपराच्या तक्रारी आणून देत. प्रत्यक्षात ते दूरशिक्षण केंद्रात तत्त्वज्ञान शिकवत, म्हणजे ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत अशा माणसांचे स्वाध्याय तपासत. केंद्र टायरच्या दुकानावर होतं. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की टेबल थरथरायचं, आणि जग खरंच आहे की नुसता भास, हा विचार थोडा वेळ बाजूला ठेवावा लागायचा.

तपासण्याची त्यांची एक रीत होती. टुकार स्वाध्यायावर ते ‘ठीक’ लिहून मोकळे होत. बरा असला तर समासात एखादा प्रश्न विचारत. आणि एखादा मनापासून आवडला, तर समास प्रश्नांनी भरून टाकत, पाठकोऱ्या बाजूवर उतरत, वर जादा कागद टाचत. तोंडभर शाबासकी दिली की माणूस तिथेच बैठक मारतो, असं त्यांचं मत होतं. पूर्वी ते वर्गात शिकवत तेव्हा हे चालून गेलं, कारण प्रश्न विचारताना त्यांच्या भुवया वर जात आणि चेहरा खुलून येई. टपालाने भुवया जात नाहीत.

गुण पाहावेत, तर तेही वर्षअखेरीलाच कळत. समंत्रकाने ते आधी फोडायचे नाहीत असा नियम होता, आणि नियम मोडण्याइतके मास्तर अजून तत्त्वज्ञ झाले नव्हते.

परिणाम असा, की एका विमा एजंटाला प्रत्येक स्वाध्यायावर ‘ठीक’ मिळालं आणि तो तत्त्वज्ञान फार सोपं असतं म्हणून गिऱ्हाइकांना सांगत सुटला. आणि इस्पितळात एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी नाव काढून घ्यायचं ठरवलं.

ही बातमी केंद्रातल्या कारकुनाने दिली. बाईंचा फोन आला होता. आपली कुवत नाही, सरांनी पान न् पान खोडून काढलंय, शनिवारी येऊन अर्ज देते, असं त्या म्हणाल्या होत्या. मास्तरांनी हातातली पेन्सिल ठेवली. बाईंनी स्वाध्यायात लिहिलं होतं, की फोटोत हाड दिसत नाही, हाडाची सावली दिसते. डॉक्टर ती सावली वाचतो. दुखणं पेशंटला होतं, आणि ते फोटोत येतच नाही. मग यातलं खरं कोणतं? असं लिहिणारं माणूस मास्तरांना कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. तेच आता सोडून चाललं होतं.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती ब्लाउज शिवत होती. तिने मशीनवरून मान वर केली नाही.

“मी भाजी केली की तुम्ही विचारता, हिच्यात आज काय घातलंस, आणि का घातलंस. म्हणजे आवडली, हे कळायला मला दहा वर्षं लागली. त्या बाईंनी तुमच्याशी लग्न थोडंच केलंय?”

छान आहे, एवढं म्हणायला काय जातं, असंही तिने विचारलं. मास्तरांनी ते शनिवारपर्यंत मनात घोकलं.

बाई आल्या त्या एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात स्वाध्याय घेऊन. पन्नाशीच्या, पायात इस्पितळातलेच पांढरे बूट. सरांचा वेळ वाया घालवला म्हणून त्यांनी आधी माफी मागितली. मास्तर ‘छान’ म्हणायला गेले आणि त्यांच्या तोंडून निघालं, “सावली वाचता येते, म्हणजे नेमकं काय होतं?”

बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं. “हाच पहिला प्रश्न आहे तुमचा. त्याचं उत्तर मला पुस्तकात कुठेच सापडलं नाही. निदान जाता जाता उत्तरं तरी सांगा, सर. कुठे चुकलं ते कळेल.”

“ती मला माहीत नाहीत.”

“कुठली?”

“एकही नाही. माहीत असती तर तुम्हाला कशाला विचारली असती?”

खाली हवेचं यंत्र सुरू झालं. ते थांबेपर्यंत बाईंनी थरथरत्या टेबलावरचं पाकीट धरून ठेवलं.

“म्हणजे चुकलं नव्हतं?”

“चुकलेल्यावर मी इतकं लिहीत नाही,” मास्तर म्हणाले. मग बायकोची आठवण होऊन, औषध घेतल्यासारखं तोंड करून, “छान आहे,” हेही त्यांनी उरकलं.

बाईंना आनंद झाला असं म्हणता येणार नाही. त्या आधी चिडल्या. हे वरच एका ओळीत लिहायला काय झालं होतं, म्हणाल्या. घरात मी महिनाभर कोणाशी धड बोलले नाही. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग बाईंनी कागद बाहेर काढले, चष्मा लावला आणि समास पहिल्यांदाच सावकाश वाचायला घेतला. एके ठिकाणी त्या थांबल्या आणि त्यांनी पेन मागितलं.

शनिवारी केंद्र लवकर बंद व्हायचं. कारकून किल्ल्या घेऊन दारात आला आणि नाव काढायच्या अर्जाचं काय करायचं म्हणून विचारू लागला.

“थांबा हो जरा,” बाई मान खाली घालूनच म्हणाल्या. “यांचा हा तिसरा प्रश्न मुळातच चुकीचा आहे.”

मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली.