काशी म्हैस बोलता बोलता थांबते तेव्हा

“बोलता येते त्याईले. पण पहिल्यासारखं नाही,” विमलताईंची सून फोनवर म्हणाली. फोन स्पीकरवर होता. समोर बसलेल्या सिद्धार्थने हातातलं पेन खाली ठेवलं.

खामगावात आमचा लहानसा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ आहे. मी तिथली सुपरवायझर, सिद्धार्थ माझा मुख्य अ‍ॅनिमेटर. ‘बग्या आणि काशी’ या सिनेमांचं काम आम्ही पहिल्या भागापासून करतो. बग्या हा गायबगळा. काशी ही त्याला पाठीवर घेऊन हिंडणारी म्हैस. बग्या पुस्तकी मराठी बोलतो, काशी वऱ्हाडी. आणि काशी एकदा सुरू झाली की तिला आवरणं कठीण. मुलं सिनेमाला येतात ती तिच्यासाठी.

काशीचा आवाज विमलताईंचा. शाळेत मराठी शिकवून त्या रिटायर झाल्या, हौशी नाटकांत कामं केली. पहिल्या भागाच्या ऑडिशनला आल्या तेव्हा त्यांनीच माझी परीक्षा घेतली होती. “म्हैस वऱ्हाडी अन् बगळा पुणेरी, असं काऊन?” मी म्हटलं, बगळा बाहेरून आलाय. “मंग ठीक आहे,” म्हणाल्या आणि माइकसमोर बसल्या.

पाचव्या भागाचं काम सुरू असताना त्यांना लकव्याचा झटका आला. जिवावरचं टळलं. हात सुधारत होता, जीभ मात्र जड राहिली.

अ‍ॅनिमेशनमध्ये आवाज आधी आणि चित्र नंतर. आवाज ऐकून आम्ही पात्राचं तोंड हलवतो, त्याला लिपसिंक म्हणतात. पण त्याच्याही आधी साधी चित्रं ओळीने लावून एक कच्चा सिनेमा बनवतो. तो अ‍ॅनिमॅटिक. सिनेमा किती लांब होणार, ते त्यावरून कळतं. त्यात काशीचे संवाद तात्पुरते मीच म्हटले होते, काशीच्याच वेगाने. पुण्याच्या ऑफिसने ती लांबी मंजूरही केली होती.

निखिल सर पुण्याला असतात. निर्माते तेच, दिग्दर्शकही तेच. त्यांना कळवलं.

“फार वाईट झालं, मीनल,” ते म्हणाले. “पण रिलीज सुट्टीतच करायचाय. दुसरा आवाज बघ.”

“लोक ओळखतील, सर.”

“मग चार सिनेमांतला ताईंचा आवाज आहे आपल्याकडे. तो कॉम्प्युटरला शिकवू. हुबेहूब बोलेल. मानधन त्यांना पूर्ण देऊ. तू फक्त त्यांची परवानगी घे.”

सरांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटलं नाही. स्टुडिओतल्या सगळ्यांचं काम त्या तारखेवर अवलंबून होतं. मी ताईंच्या घरी गेले.

त्या खुर्चीत बसून व्यायाम म्हणून बाराखडी म्हणत होत्या. मी सगळं सरळ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. उत्तर यायला वेळ लागला.

“मी जिवंत आहो ना, बाई,” त्या म्हणाल्या.

मी आणलेला परवानगीचा कागद परत पर्समध्ये ठेवला.

“माहा आवाज घे. आता जसा आहे तसा. लोक हासले नाही, तर दुसरी आण. पण दया म्हणून मले ठेवू नको.”

दुसऱ्याच आठवड्यात रेकॉर्डिंग लावलं. शब्द बऱ्यापैकी स्पष्ट यायचे, पण वाक्य मध्येच अडायचं. “बग्या, तू मले इथं सोडून...” इथे मोठी शांतता, मग “...कुठी चालला बे?” काही जोडाक्षरं जमेनात, ते शब्द आम्ही बदलून घेतले. एका वाक्याला फारच रिटेक झाले तेव्हा त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“शब्द दिसते मले,” त्या म्हणाल्या. “तोंडात येत नाही.”

सुनेने पाणी दिलं. मी म्हटलं, आज थांबू. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि हेडफोन परत चढवला.

आवाज पुण्याला पाठवला. निखिल सरांचा लगेच फोन आला.

“मीनल, भावना बाजूला ठेव. काशी बोलता बोलता थांबते, तेव्हा पडद्यावर काय दाखवायचं?”

प्रश्न बरोबर होता. खरा नट गप्प बसला तरी त्याचा श्वास चालू असतो, डोळे हलतात. चित्रातलं पात्र थांबलं की मेल्यासारखं दिसतं. आम्ही त्याला होल्ड म्हणतो आणि होईल तितका टाळतो. इथे तर प्रत्येक संवादात होल्ड होता.

आम्ही प्रयोग सुरू केले. काशीच्या पापण्या मिटवल्या, ती झोपलेली वाटली. शेपटी हलवली, तर लक्ष शेपटीकडे गेलं. मधल्या जागेत बग्याला बोलायला लावलं, तर तो तिचं बोलणं तोडणारा उद्धट बगळा झाला. मी कंटाळून, निदान ट्रायल म्हणून, दुसऱ्या आवाजाची चौकशी सुरू केली.

मग सिद्धार्थने मला एक शॉट दाखवला. वाक्य अडतं तिथे त्याने काशीला रवंथ करायला लावलं होतं. जबडा सावकाश एका बाजूने दुसऱ्या बाजूला. नजर बग्यावर. बग्या ताटकळलेला. मग वाक्याचा उरलेला भाग.

“म्हैसच आहे ते, मॅडम,” तो म्हणाला. “बसल्या बसल्या दुसरं काय करन?”

मी तो शॉट पुन्हा लावायला सांगितला. काशी अडली आहे असं आता वाटत नव्हतं. सांगायचं की नाही, याचा ती विचार करते आहे असं वाटत होतं.

पळापळीच्या सीनमध्ये मात्र हे चालणार नव्हतं. गुरांच्या बाजारातून चोर काशीला टेम्पोत घालून नेतात आणि ती उडी मारून पळते. पळती म्हैस रवंथ कशी करणार? तिथले तिचे संवाद आम्ही काढले आणि बग्याला दिले.

निखिल सर म्हणाले, मुलांना दाखवू, मग ठरवू. मोताळ्याच्या एका शाळेत अर्धवट सिनेमा दाखवायचं ठरलं. सर स्वतः आले. ताईंनीही येण्याचा हट्ट धरला. त्यांना मागच्या बाकावर बसवलं. त्या कोण आहेत, ते मुलांना सांगितलं नाही.

काशीचा पहिला संवाद आला. ती थांबली, रवंथ करू लागली. वर्गात चिडीचूप. वाक्य संपलं, तरी कुणी हसलं नाही. दुसऱ्या संवादाला पुढची एक मुलगी खुदकन हसली. त्यानंतर मात्र काशीने जबडा हलवायला सुरुवात केली की मुलं आधीच हसायला लागायची आणि पुढचे शब्द ऐकायला एकदम गप्प व्हायची.

मी मागे वळून पाहिलं. ताई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या मुलांचे चेहरे बघत होत्या.

शो संपल्यावर निखिल सर त्यांच्याजवळ गेले आणि वाकून नमस्कार केला. “ताई, काशी तुमचीच.”

ताईंनी त्यांना शेजारी बसायला खूण केली. “विहिरीजवळचं वाक्य... काढा. तिथं पोट्टे हासले नाही.”

सरांनी ते वाक्य काढलं.

पण थांबण्याच्या त्या जागांनी सिनेमा लांबला होता. एक पूर्ण गाणं कापावं लागलं. संगीतकाराने भांडण केलं, आणि त्याचंही चुकलं नव्हतं. रिलीज सुट्टी संपता संपता झाला, त्यामुळे मागच्या भागांइतकी गर्दी झाली नाही. जी मुलं आली, ती मात्र शाळेत उत्तर येत नसलं की जबडा हलवायला लागली, अशी तक्रार एका शिक्षिकेने माझ्याकडे केली.

सगळ्यात जास्त अडचण झाली हिंदी डबिंगची. मुंबईची कलाकार तयारीची, जीभ चपळ. तिचं वाक्य संपायचं आणि काशीचा जबडा हलतच राहायचा. तिथल्या रेकॉर्डिस्टने फोन केला.

“मॅडम, ये बीच में रुकती क्यों है?”

“चबा रही है,” मी म्हटलं. “आपकी वाली को भी रुकना पड़ेगा.”

ती थांबायला शिकली, पण तिलाही पुष्कळ रिटेक लागले.

आता आम्ही अ‍ॅनिमॅटिकमध्ये माझा आवाज वापरत नाही. आधी कलाकारांना बोलावतो, आज ते कसे बोलतात ते ऐकतो आणि मग सिनेमाची लांबी ठरवतो. वेळ तेवढाच लागतो. फक्त भांडणं आधी होतात.