क्रोशाची सुई आणि कुंदावहिनींचं पार्लर

आमच्या दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या बायका कुठल्या लग्नात भेटल्या, की आधी एकमेकींच्या केसांकडं बघतात आणि मग हसत सुटतात. बाकीच्यांना वाटतं, काय येड लागलंय! पण आम्ही सगळ्या एकाच हाताखालून गेलेल्या. कुंदावहिनींच्या. एकीनं एक किस्सा काढला की दुसरीला दोन आठवतात. पंगत उठून जाते, तरी आमचं संपत नाही.

कुंदावहिनी आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. नवरा रेल्वेत गार्ड, सदा ड्युटीवर. त्यामुळं घर आपोआप बायकांचं झालं होतं. नव्वदच्या पुढची ती वर्षं. बारावी झाल्यावर मी त्यांच्या हाताखाली शिकायला लागले. बाहेर पाटी नव्हती. पुढच्या खोलीत एक आरसा आणि एक लाकडी स्टूल, बस्स. पण आम्ही त्याला 'पार्लर' म्हणायचो, आणि म्हणताना जरा ऐट आणायचो!

*

सुरुवात नागपंचमीच्या फुगडीपासून झाली. त्या काळी केस विरळ असले की बायका गंगावन लावायच्या. म्हणजे केसांचा तयार झुपका, दोऱ्यानं आपल्या वेणीत गुंफून टाकायचा.

कॉलनीतल्या एक मास्तरीणबाई फुगडीला उभ्या राहिल्या. फुगडी रंगात आली आणि त्यांचं गंगावन सुटून गरगरत गेलं, ते थेट जिजींच्या मांडीवर! जिजी म्हणजे कुंदावहिनींच्या सासूबाई. डोळ्यांनी जरा अधू. त्यांनी त्या झुपक्यावरून हात फिरवला आणि मायेनं म्हणाल्या, "आलीस व्हय गं मने? दूध ठिवलंय आत."

आम्ही हसून हसून लोळलो. मास्तरीणबाईही हसल्या. पण त्यानंतर त्या कधी फुगडीला आल्या नाहीत. ते कुंदावहिनींच्या मनाला फार लागलं. म्हणायच्या, "केसाला टांगलेलं पडणारच. केसातच बसवता आलं पायजे."

*

कसं बसवायचं, हे त्यांना सापडलं दौंडच्या प्लॅटफॉर्मवर.

मनमाडकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन तेव्हा दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. गाडी निवांत उभी. वहिनी नवऱ्याचा डबा घेऊन गेल्या होत्या, मी सोबत. खिडकीत एक मुलगी बसलेली. आफ्रिकेतली, पुण्यात कॉलेजला होती. कमरेपर्यंत बारीक बारीक बटा! वहिनी तिथंच थबकल्या.

मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी विचारलं, "ये तुम्हारा खुद का है?"

मुलगी खळखळून हसली. डोकं खिडकीच्या गजाला टेकवून तिनं बटा बाजूला केल्या आणि हेअरपिननं दाखवलं. आपल्या केसांच्या बारीक वेण्या डोक्याला चिकटून घालायच्या. वेणीखालून आकडा घालायचा, परक्या केसांची बट त्यात अडकवून ओढायची, आणि तिच्याच फासातून टोक काढून गाठ आवळायची.

"अगं, हे तर आपलं क्रोशाचं तोरण!" वहिनी ओरडल्याच.

त्यांनी भीतभीत एक बट ओढून बघितली. मुलगी म्हणाली, "जोर से, दीदी, जोर से!"

तेवढ्यात शिट्टी झाली. गाडी निघाली, मुलगी खिडकीतून हात हलवत राहिली, वहिनीही हात हलवत राहिल्या. शेवटचा डबा समोरून गेला. त्यात गार्डसाहेब उभे होते, आणि ते पण जोरजोरात हात हलवत होते. आम्हाला वाटलं, काय प्रेम आहे!

घरी येऊन बघतो तर जेवणाचा डबा वहिनींच्याच हातात!

*

पहिला प्रयोग जिजींवर. त्यांचा अंबाडा सुपारीएवढा उरलेला. वहिनींनी पुण्याहून नायलॉनचे काळेभोर केस आणले, तोरणाची सुई गरम पाण्यात धुतली आणि दुपारभर बसून जिजींना लांबसडक वेणी करून दिली. जिजी आरशासमोरून हलेनात. वेणी पुढं घ्यायच्या, मागं टाकायच्या, परत पुढं घ्यायच्या.

दुसऱ्या दिवशी ऐटीत रेल्वेनं केडगावला लेकीकडं गेल्या. संध्याकाळी परत आल्या त्या तणतणतच.

"काढ गं कुंदे हे आधी!"

"का हो आत्याबाई? दुखतंय का?"

"डोकं न्हाई, पाय दुखत्यात! येरवी म्हातारी म्हणून पोरी उठून जागा द्यायच्या. आज केडगावपास्नं दौंडपतुर उभी आले. एक मेली उठली न्हाई!"

*

पुढं गावोगावच्या नवऱ्या यायला लागल्या. आम्हीही घरोघर जायचो. नायलॉनच्या केसांना कुरळं करायची वहिनींची खास पद्धत होती. बटा पेन्सिलींना गुंडाळायच्या आणि नुसती टोकं गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवायची. पाणी गार झालं की कुरळेपणा पक्का!

एका लग्नघरी सकाळची गडबड. स्टोव्हवर पाण्याचं पातेलं, खाली उतरवलेलं दुसरं पातेलं आणि त्यात नवरीच्या बटा. नवरी मान मागं टाकून बसलेली. मी दारात. नवऱ्याकडचे एक मामा ओसरीवरून सारखे आत डोकावत होते. त्यांना चहाची तलफ आलेली, आणि दिसत होती फक्त वाफ.

शेवटी न राहवून त्यांनी मला विचारलं, "पोरी, उकळ्या कवाच्या फुटल्यात. अजून किती टाईम?"

मी घाईत म्हणाले, "थोडं थांबा मामा, नवरी अजून गरम पाण्यात हाय!"

मामा जे गेले, ते अक्षतांपर्यंत चहाला आले नाहीत.

*

राहू गावाकडचे एक आबा मला अजून डोळ्यासमोर दिसतात. सगळी उमर मेंढरांमागं गेलेली, आता ऊस लावून स्थिर झालेले. नातीचं कॉलेजचं गॅदरिंग होतं, म्हणून तिला घेऊन आले आणि उंबऱ्यावर बसून सगळं टक लावून बघत राहिले.

बऱ्याच वेळानं त्यांनी एक बट बोटांत चोळून बघितली. "लोकर न्हाई ही."

"न्हाई आबा. नायलॉन हाय."

"म्हंजी कुनाची कातरून आणलेली न्हाई?"

"न्हाई, कंपनीत होतं तयार."

आबांनी मान हलवली. "मग लाव. हिच्या हौसेपायी थंडीत कुनी कुडकुडत न्हाई म्हणायचं."

वहिनींनी त्या दिवशी नातीच्या आधी आबांना चहा दिला.

*

हा शेवटचा किस्सा मात्र मी संगीताला विचारून सांगते आहे. ती म्हणाली, "सांग की! माझ्या सासरी तर दर लग्नात सांगत्यात."

संगीता शिरूरची, नर्सिंगचं शिकलेली. टायफॉइडमध्ये तिचे केस गळाले, ते पुन्हा दाट झालेच नाहीत. बघायला आलेली दोन स्थळं त्यावरून परत गेली होती. तिसरं येणार म्हणून तिच्या आईनं आम्हाला बोलावलं. वहिनींनी असलं नाजूक काम पूर्वी कधी केलं नव्हतं. मोजक्या केसांच्या वेण्या, त्यात हलक्या हातानं बसवलेल्या बटा, वर अबोलीचा गजरा. आई म्हणाली, "कुनाला काही बोलू नका."

जयभीम करून पाहुणे बसले. मुलगा रांजणगावच्या कंपनीत होता. त्याचे आईवडील, आत्या, आजी-आजोबा. पोहे झाले, प्रश्न झाले. सगळं छान चाललेलं. तेवढ्यात आत्या म्हणाली, "वेणी सोड बघू पोरी. केस बघू दे."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनींनी माझा हात घट्ट धरला. संगीताच्या आईचा चेहरा पांढराफटक.

संगीतानं गजरा काढून बाजूला ठेवला. म्हणाली, "सोडते आत्या. पण हे माझं न्हाईत. तापात गेलं माझं. हे बसवल्यात." आणि तिनं पहिली बट सोडवून मांडीवर ठेवली. मग दुसरी. तिसरी बट गाठीत अडकली.

मुलाची आजी भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, संगीताच्या मागं येऊन बसली आणि गाठ सोडवायला लागली.

"हळू वढ गं. तुजं हायत तेवढं तरी ऱ्हाऊ दे."

आत्या म्हणाली, "आई, अगं…"

"गप बस! माज्या लग्नात मी गंगावन लावूनच उभी होते. आजपतुर कुनाला कळू दिलं न्हाई. ह्यांनाबी ठावं न्हाई!"

सगळ्यांनी आजोबांकडं बघितलं. म्हाताऱ्यानं शांतपणे बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाला,

"मग रोज रातच्याला खुंटीला काय घोड्याची शेपूट टांगायचीस व्हय?"