पाहुण्यांसाठी उसनं स्ट्रेचर

आता सांगतो, पण आधी हातातला कप खाली ठेवा. हसताना चहा अंगावर सांडला तर मी जबाबदार नाही.

आमची संस्था डोंगराखालच्या कडाव गावात. दोन खोल्या, दहा-बारा कार्यकर्ते आणि प्रमुख सुलभाताई. डोंगरावरच्या वाडीत कुणी आजारी पडलं, कुठे दरड आली, की माणसं खाली आणायची हे आमचं काम. मी सामानाची खोली सांभाळतो. सामान म्हणजे काय, तर एक स्ट्रेचर. त्याचं कापड फाटलं म्हणून मी खताची गोणी शिवलेली. मागच्या पावसाळ्यात एक आजोबा उतारावर त्यातून अर्धे खाली आले होते.

जगभरच्या मदत संस्थांचं एक जाळं आहे, आम्ही त्याचे सभासद. त्यांची रीत अशी, की दुसऱ्या देशातल्या आपल्यासारख्याच संस्थेचा माणूस येतो, तुमच्याकडे काय नाही ते तुम्हालाच विचारतो, आणि मग तेवढं मिळतं. आमच्याकडे नेपाळचे थापासर येणार होते. ताई म्हणाल्या, "मला यायला अकरा वाजतील. जे हाय ते दाखव त्यांना."

तुम्हीच सांगा, घरी पाहुणा येणार म्हटलं की आपण काय करतो? शेजारून चांगल्या कपबश्या आणतो ना? मी तेच केलं. माझा मित्र रफिक मोहोपाड्याच्या एका कारखान्यात आहे. साहेबांना विचारून त्यानं दोन कोरी स्ट्रेचरं आणि दोराची भेंडोळी एका दिवसापुरती दिली. आमचं गोणीवालं गेलं शेजारच्या गोठ्यात, पेंढ्याखाली.

थापासर आले. दोर ओढून पाहिले, स्ट्रेचरं उलटीपालटी केली. हे सगळं तुमचंच का, असं हिंदीत विचारलं. मी मान हलवली. मग यंदा पावसाळ्याची काळजी नाही? पुन्हा मान. मग म्हणाले, खालापूरकडे एका संस्थेजवळ काहीच नाही, यातलं एक त्यांना द्याल?

आणि काय सांगू, ती मान तिसऱ्यांदा हलली!

म्हणजे आम्हाला मिळायचं ते गेलंच, वर कारखान्याचं स्ट्रेचर मी दान करून मोकळा.

तेवढ्यात ताई आल्या. एक नजर टाकली आणि मला मागच्या दारी नेलं.

"कुणाची रं ही?"

"रफिकच्या कारखान्याची."

"आन् आपलं?"

"गोठ्यात."

ताई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "वाडीवरच्या माणसांना यंदा पण गोणीत घालून आणायचं का? जा. तूच सांगायचं, मी नाय."

चार माणसांत तोंड न उघडणारा मी. पण त्या आजोबांचे लोंबणारे पाय डोळ्यांसमोर आले आणि ठरवलं. गोठ्यात गेलो. गोणीचा एक कोपरा वासराच्या तोंडात होता, तो ओढून काढला आणि स्ट्रेचर डोक्यावर घेऊन भर रस्त्यानं आलो. मागून चार म्हातारे आणि दुधाच्या डेअरीवरची सगळी रांग. थांबलो तर बोलणार नाही, म्हणून चालता चालताच बोललो.

"सर, वो सब उधार का है. हमारा ये है. इसमें से आदमी गिरता है."

थापासरांनी गोणीतून हात आरपार घातला. मग आपला कागद माझ्यापुढे धरला आणि वाचून दाखवला. त्यात आधीच लिहिलेलं होतं : दोन स्ट्रेचर, दोर आणि ते वापरायचं शिक्षण. फक्त सही राहिली होती. ती तुझ्या तोंडून ऐकल्यावरच करणार होतो, म्हणाले, आणि केली.

मी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? त्यांनी कोरं स्ट्रेचर उलटं केलं. खाली वीतभर इंग्रजी अक्षरं होती. मला वाटलेलं, बनवणाऱ्याचं नाव असेल. ताईंनी वाचलं : कारखान्याचं नाव, सुरक्षा विभाग, गेट नंबर दोन.

"अरे, आणल्यावर नीट पुसून बघितलंस तरी का?" ताईंनी कपाळाला हात लावला.

पुसलं होतं की. पाहुणे येणार म्हणून साबणाच्या पाण्यानं, दोनदा. तोवर त्या अक्षरांवर इतकी धूळ होती, की कुणालाच काही वाचता आलं नसतं.