करंगळीवरची शाई

अंगात धाकट्या बहिणीच्या स्टेम सेल घेऊन बायको हॉस्पिटलातून घरी आली आणि मी संशयी झालो. डॉक्टर म्हणाले होते, जुनी प्रतिकारशक्ती पुसली गेलीय, नवी अजून तान्ही आहे. लहानपणीच्या लशीसुद्धा पुन्हा घ्याव्या लागणार. मग अंबरनाथ पश्चिमेतल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या दारात मी स्टूल टाकून राखणीला बसलो.

दूधवाला शिंकला की मी पिशवी साबणाने धुवायचो. शेजारच्या काकूंची खीर दारातूनच परत. मोगऱ्याची कुंडी मातीसकट जिन्यात हाकलली. सख्ख्या आईला विचारलं, "घसा कसाय?"

"तुझ्यावर ओरडून बसलाय," ती म्हणाली.

बायको हॉस्पिटलात असतानाच तिच्या त्याच बहिणीला नात झाली होती. त्या पोरीला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढाच बायकोचा ध्यास. डॉक्टरांनी धडधाकट पाहुण्यांना परवानगी दिली, तशी रविवारी मेहुणी उल्हासनगरच्या कॅम्प एकहून नातीला घेऊन हजर.

"जयभीम, दाजी."

"जयभीम. सर्दी? ताप? घरात कुणी खोकतंय?"

"ताईच्या अंगात माझंच रक्त खेळतंय, आणि मलाच दारात अडवता? आधार कार्ड काढू का?"

मी ओशाळलो. पोरगी बोळकं पसरून हसली आणि माझा सगळा बंदोबस्त ढिला पडला. मीच तिला कडेवर घेऊन आत गेलो.

बायको मास्क लावून, हात धुऊन तयार होती. तिने हात पुढे केले आणि एकदम मागे घेतले.

"अहो, हिच्या करंगळीला शाई कसलीय?"

"पोलिओचा डोस," मेहुणी खुशीत म्हणाली. "येता येता बूथवर पाजला."

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, डोस दिलात ते उत्तमच; पण त्यातला दुबळा केलेला जिवंत विषाणू काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडतो. इतरांना चालेल, यांना आत्ता नको. तोवर लांबच ठेवा.

साऱ्या अंबरनाथवर संशय घेणाऱ्या माणसाने नेमकी तेवढी करंगळी सोडली होती.

मेहुणी पोरीला माझ्याकडून घेऊन खाली कंपाउंडमध्ये गेली. तिथून तिने पोरीचा जांभळ्या बोटाचा हात धरून वर हलवला. बायको खिडकीतून हात हलवत राहिली. डोळे पुसायचे होते, पण चेहऱ्याला हात लावायला बंदी मीच घातलेली. मी जवळ जायला निघालो.

"तुम्ही लांब! कडेवर कुणी घेतलं होतं? आधी अंघोळ."

अंघोळ करून आलो तर माझ्या स्टुलावर ती बसलेली.

"हात दाखवा."

मी दोन्ही हात पुढे केले. करंगळ्या आधी.