सुमन काकणकारणीने ओळखलेला हात

डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात सुमन काकणकारीण चाळीस वर्षं एकाच जागी बसते आहे. गिऱ्हाइकाचा हात धरायचा, अंगठ्याचं मूळ आत दाबायचं, बोटं जुळवायची आणि काचेचं काकण फिरवत फिरवत मनगटावर उतरवायचं. हे तिला सासूने शिकवलं. माप ती विचारत नाही, आणि एकदा धरलेला हात विसरत नाही. लग्नघरी चुडा भरायला गेली की बायका पडद्याआडून नुसते हात पुढे करत आणि सुमन एकेकीचं नाव सांगे. कधी चुकली नाही. या एका गोष्टीचा तिला फार अभिमान.

एका बुधवारी, बाजार ओसरल्यावर, लाटंबार्शाच्या कमलाक्षीचा एकोणीस वर्षांचा परेश तिच्यापुढे येऊन बसला.

"बहिणीसाठी हिरवी काकणं हवीत, मावशे."

परेश एकुलता एक, हे सुमनला ठाऊक होतं. "बहिणीचा हात कुठे आहे?"

त्याने खाली मान घालून स्वतःचाच हात पुढे केला. सुमनने तो धरून अंगठ्याचं मूळ दाबलं. मग म्हणाली, "सैल सोड, बाय. ताठ हातात काच फुटते."

मुलींना म्हणतात ते 'बाय' ऐकून परेशच्या डोळ्यांतलं पाणी मनगटावर पडलं. बारा काकणं भरून होईपर्यंत सगळं सांगून झालं. आपण मुलगीच, खरं नाव गौरवी. मोबाइलवर त्याच नावाचं खातं. त्यात चेहरा नाही, आवाज नाही; अबोलीची फुलं गुंफून गजरे करणारे, घरकामं करणारे दोन हात तेवढे दिसतात. हजारो माणसं ते बघतात.

"तिथे मला सगळे ताई म्हणतात, मावशे. दुसरीकडे कुठेच नाही."

"माझ्या तोंडून जाणार नाही," सुमन म्हणाली.

वैशाखात लाटंबार्शाला सगुणच्या मुलीच्या, वर्षाच्या लग्नाचा चुडा होता. नवरीचे हात भरून झाले, मग घरच्या आणि शेजारच्या बायका बसल्या. कमलाक्षीचा एक हात अर्धा भरला होता, तेवढ्यात वर्षाची मैत्रीण स्वाती मोबाइल घेऊन पुढे आली.

"मावशे, पडद्याआडचे हात तू ओळखतेस. मोबाइलमधला ओळख बघू!"

"आता कसली ओळखते? म्हातारी झाली ती," कोणीतरी चिडवलं.

"म्हातारी झाली तुझी सासू! आण इकडे," सुमन म्हणाली.

मोबाइलवर दोन हात तांदूळ निवडत होते. अबोली कुठे नव्हती, आणि काकणं हिरवी नव्हेत, लाल होती. सुमनने काकणं पाहिली नाहीत, अंगठा पाहिला. "हे मुळाशी वर आलेलं हाड बघ. कमलाक्षीचं हाड. तिचंच पोर हे—"

बाजारात धरलेला हात आठवून ती थांबली. पण उशीर झाला होता.

"कमलाक्षी, तुला मुलगी कधी झाली गो?" मागून एक हसली.

"झाली असेल, बाबाजीला न सांगता!"

कमलाक्षी अर्धा भरलेला हात तसाच घेऊन उठली आणि घरी गेली.

संध्याकाळपर्यंत ते हात गावाच्या ग्रुपवर फिरले, खाली परेशचा शाळेतला फोटो जोडून. गौरवीच्या खात्यावर ताई म्हणणाऱ्यांच्या ओळींखाली शिव्या येऊन पडल्या. खाण बंद पडल्यापासून कमलाक्षीचा नवरा बाबाजी घरीच होता. पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचा. त्याने आधी खातं पुसून टाकायला लावलं. मग पोराचा हात पाट्यावर ठेवून वरवंट्याने हातातली काकणं फोडली. काच खोल गेली. दोन बोटं आता मिटत नाहीत.

सुमनला हे चार दिवसांनी कळलं. बुधवारी तिने बाजारात येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, "मी चुकले. डोळ्यांना नीट दिसत नाही. तो हात दुसऱ्याच कोणाचा."

बायका हसल्या. "तू आणि चुकणार, मावशे?"

बाजार अर्ध्यावर सोडून ती लाटंबार्शाला गेली आणि बाबाजीपुढे उभी राहून तेच म्हणाली. तो ओट्यावरून उठलाही नाही.

"तुझ्याच हातून माझ्या आईने काकणं भरली, माझ्या बायकोने भरली. तू हात चुकत नाहीस, हे सगळा तालुका जाणतो. उगाच आता खोटं बोलू नकोस."

सुमनने चपला ओट्याखाली काढल्या. ती आत गेली. गौरवी भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडली होती. केस बारीक कापलेले होते.

"बाय," सुमनने हाक मारली.

"इथे बाय कोणी नाही," कमलाक्षी चुलीकडून म्हणाली. तिच्या एका हातात काकणं होती, दुसरा रिकामा. "उद्या तो मुरगावला जातोय, मामाकडे. गोदीत काम बघितलंय."

सुमन खाटेपाशी बसली आणि पट्टी बांधलेला हात घ्यायला वाकली. गौरवीने तिच्याकडे पाहिलं नाही. हात तेवढा चादरीखाली ओढून घेतला.