पळसाची डहाळी
धानावर मारलेल्या औषधाचा वास आला की मला माझं बदक आठवतं. दुपार कलली की मी त्याला सिहोऱ्याच्या तलावावर फिरायला न्यायची. त्याच्या पायाला जुन्या ओढणीची मऊ, लांब पट्टी दोरीसारखी बांधलेली असायची, माझ्या हातात कुत्र्यांसाठी काठी, आणि वर घार दिसली की मी त्याला सरळ कडेवर घ्यायची. परतताना ते शेजारच्या काकांच्या धानाच्या पाणी भरलेल्या बांधीत उतरून गोगलगायी टिपायचं. आमच्याकडे औषध फवारलं की शेताच्या कडेच्या धुऱ्यावर पळसाची डहाळी खोचतात, म्हणजे कोणी तिथं ढोरं सोडत नाही. त्या दिवशी मी धुरा नीट पाहिला, डहाळी नव्हती, म्हणून पट्टी सैल सोडली. वास नाकात शिरला तोवर ते बांधीतलं पाणी पिऊन बसलं होतं. घरी पोचेपर्यंत त्याची मान माझ्या दंडावर लोंबू लागली आणि अंगणातच ते गेलं. तशीच त्याला घेऊन मी काकांच्या दारात गेले. "फवारलं होतं त डहाळी काहून नाही खोचली?" ते खाटेवरून उठलेही नाहीत. "डहाळी ढोरायसाठी राह्यते वो पोरी. बदकासाठी कोणी खोचते का?" घरचेही मलाच म्हणाले, एवढ्याशा पाखरासाठी शेजाऱ्याशी भांडू नको. आता आमच्या बांधीत फवारणी झाली की मी चारही धुऱ्यांवर डहाळ्या खोचते. काका बघून हसतात, आणि मग आपल्या कोंबड्या मुकाट्यानं मागे हाकतात.